संगीताचा तास आणि पंडित विष्णु दिगंबर पलुसकर

आपल्या शाळेत पाचवी ते सातवीला संगीताचा तास होता आणि पेटी, तबल्याची जोडी नि दोन तंबोरे असलेली खोली जिन्याखाली होती, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगायला नको. ज्यांचा गळा बरा होता त्यांना बाई ‘गांधर्व’च्या परीक्षेला बसवत. प्रारंभिक, मग प्रवेशिका प्रथम, मग प्रवेशिका पूर्ण. दहावी जवळ आली की बहुतेकांच्या घरून गाणं बंद होई, त्यामुळे मध्यमापर्यंत पोहोचलेले फार थोडे. पण ‘गांधर्व’ म्हणजे कोण हे आपल्यापैकी फारसं कुणी विचारलं नाही. निम्म्या वर्गाला ते बालगंधर्वांचं काहीतरी वाटे, उरलेल्यांना कुमार गंधर्वांचं. खरं तर या परीक्षांचा त्या दोघांशी काही संबंध नाही. त्यांच्यामागे कुरुंदवाडला जन्मलेले एक गवई आहेत. त्यांची दृष्टी लहानपणीच अधू झाली होती आणि त्यांची स्वतःची शाळाही तिथेच सुटली होती. स्मरणिकेत आपल्या गुरुजनांविषयी भरपूर लिहून येणारच आहे. हा लेख त्या गुरुजनांच्याही मागे असलेल्या एका माणसाविषयी आहे.

विष्णु दिगंबर पलुसकर यांचा जन्म 18 ऑगस्ट 1872 चा, नारळी पौर्णिमेचा. आडनाव आलं ते आताच्या सांगली जिल्ह्यातल्या पलूस गावावरून. वडील दिगंबरबुवा कीर्तनकार होते. कुरुंदवाड हे पटवर्धनांचं छोटं संस्थान. जवळच कृष्णा-पंचगंगेचा संगम आणि नरसोबाची वाडी. मुलगा वडिलांच्या कीर्तनात मागे उभा राहून साथ करी, आवाज चांगला होता, शाळेतही हुशार होता. संस्थानिकांच्या घरी त्याचं येणं-जाणं होतं. तसंच सगळं चालतं तर तो शिकून एखाद्या संस्थानात कारकून किंवा वकील झाला असता आणि हौशी गायक म्हणून गावात त्याचं नाव राहिलं असतं.

दत्तजयंतीच्या उत्सवात शोभेची दारू उडवताना ती त्याच्या चेहऱ्याजवळ फुटली. डोळे भाजले. उपचार झाले, पण नजर पूर्ववत झाली नाही. जन्मभर ती अंधुकच राहिली. पुस्तक डोळ्यांपाशी धरून वाचणं अशक्य झालेल्या मुलाला त्या काळात शाळेत काही जागा नव्हती. आता याचं काय करायचं, हा प्रश्न घरच्यांपुढे आणि कुरुंदवाडच्या अधिपतींपुढे होता. गळा आहे, तर गाणं शिकू द्या, असं ठरलं. म्हणजे गाणं ही त्याची पहिली निवड नव्हती. दुसरं काही शिल्लक राहिलं नाही म्हणून तो गाण्याकडे गेला. पुढे त्याने जे काम केलं त्यात गाण्याला शाळेच्या इतर विषयांच्या शेजारी बसवण्याचा जो हट्ट दिसतो, त्याचं मूळ मला तरी या सुटलेल्या शाळेत दिसतं.

मिरजेला पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर होते. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात आणून रुजवली ती त्यांनी. ती विद्या मिळवायला त्यांना स्वतःला किती पायपीट करावी लागली, किती वर्षं गुरूच्या घरी पडेल ते काम करून, माधुकरी मागून राहावं लागलं, याच्या कथा संगीताच्या जगात प्रसिद्ध आहेत. त्या काळी शिकण्याची रीतच तशी होती. गुरूच्या घरी राहायचं, पाणी भरायचं, मर्जी सांभाळायची आणि गुरू गाईल तेव्हा कान उघडे ठेवायचे. आज काय शिकवणार, उद्या काय, हे विचारायची सोय नव्हती. राग कसा ओळखायचा, ताल कसा मोजायचा हे कुणी समजावून सांगत नसे. ते ऐकून ऐकून अंगात मुरायचं. विष्णु दिगंबर जवळजवळ नऊ वर्षं या रीतीने शिकले. ही तालीम अव्वल होती यात शंका नाही. पण तिच्यात एक मुलगा तयार व्हायला आठ-दहा वर्षं लागत आणि त्याच्या शेजारचे शंभर जण कोरडेच राहत.

1896 मध्ये त्यांनी मिरज सोडली. का सोडली याची एक हकीकत नेहमी सांगितली जाते. गावातल्या प्रतिष्ठितांच्या एका समारंभाचं आमंत्रण विष्णु दिगंबरांना आलं, कारण ते संस्थानिकांच्या मर्जीतले. बाळकृष्णबुवांना मात्र आलं नाही. विचारलं तर कळलं, की बुवा शेवटी गवई. गवयाला गाण्यासाठी बोलवायचं असतं, पंक्तीला नाही. हकीकतीतले तपशील सांगणाऱ्यागणिक थोडे बदलतात, पण तिच्यातली सामाजिक वस्तुस्थिती मात्र खरी होती. तेव्हाच्या पांढरपेशा घरांत गाणं ऐकायला लोक जात, पण आपल्या मुलाने गवई व्हावं असं कुणाला वाटत नसे. मुलीने गावं हा तर विचारही कुणी करत नसे. गाणं म्हणजे व्यसन, तमाशा, कोठी, असा सरळ हिशेब होता.

मिरजेहून निघाल्यावर ते औंध, सातारा, बडोदा करत सौराष्ट्रात गेले. तिथे त्यांनी एक गोष्ट केली जी तेव्हा अनेकांना विचित्र वाटली असणार. तिकीट लावून जाहीर जलसा केला. राजाच्या दरबारात गायचं आणि शालजोडी घेऊन यायचं, ही गवयाची ठरलेली वाट. तिकीट काढून कुणीही येऊन ऐकावं, म्हणजे शिंप्यानेही ऐकावं आणि शाळामास्तरानेही, ही वेगळी वाट होती. पुढे ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली. मथुरेला त्यांनी ब्रजभाषा आणि धृपदाचा अभ्यास केला. ख्यालाची बहुतेक पदं ज्या भाषेत आहेत ती भाषा नीट कळल्याशिवाय मुलांना अर्थ काय सांगणार, हे त्यामागे असावं. ज्या शिक्षकांनी आपल्याला चिजेचे शब्द तोडून, अर्थ सांगून शिकवले, ते नकळत याच वाटेने चालत होते.

शेवटी ते पंजाबात पोहोचले आणि 5 मे 1901 रोजी लाहोरमध्ये त्यांनी गांधर्व महाविद्यालय सुरू केलं.

एका दक्षिणी ब्राह्मणाने, ज्याला नीट दिसत नाही, ज्याची भाषा मराठी, त्याने शाळा काढायला लाहोर का निवडावं? लाहोर तेव्हा कॉलेजं, वर्तमानपत्रं, आर्यसमाज, सुधारणेच्या चळवळी यांनी गजबजलेलं शहर होतं. तिथल्या सुशिक्षितांना नव्या संस्थांची सवय होती. आणि हेही खरं, की पुण्या-मिरजेत त्यांना लोक अमक्या बुवांचा शिष्य म्हणून ओळखत. लाहोरमध्ये त्यांना कुणीच ओळखत नव्हतं. पाटी नवी होती.

संगीताच्या शाळा त्याआधी नव्हत्याच असं नाही. बडोद्याला सयाजीराव महाराजांनी 1886 मध्ये मौलाबक्ष यांच्या हाती गायनशाळा दिली होती आणि मौलाबक्षांनी मुलांसाठी स्वरलिपीची पुस्तकंही छापली होती. हे श्रेय त्यांचं त्यांना दिलंच पाहिजे, आपल्याकडे ते बहुधा गाळलं जातं. फरक इतकाच, की बडोद्याच्या शाळेमागे संस्थानची तिजोरी होती. लाहोरच्या शाळेमागे कुणी राजा नव्हता. वर्गणी, फी आणि पंडितजींच्या स्वतःच्या जलशांचं उत्पन्न यांवर ती चालायची होती.

पहिले दिवस वाईट गेले. जागा भाड्याने घेतली, पाटी लागली, आणि शिकायला कुणी आलंच नाही. पंडितजी वर्गाच्या वेळी वर्गात जाऊन बसत, तंबोरा जुळवत आणि स्वतःचा रियाज करत. वेळ संपली की उठत. विद्यार्थी नाहीत म्हणून त्यांनी वेळापत्रक मोडलं नाही. हळूहळू शहरातल्या वजनदार माणसांचं लक्ष गेलं, कुणी आपली मुलं पाठवली, एकाची पाहून दुसऱ्याने पाठवली, आणि वर्ग भरले.

आता ते शिकवत कसं, हे जरा तपशिलाने बघू, कारण आपल्या संगीताच्या तासाचा साचा तिथेच घडला.

पहिली गोष्ट, अभ्यासक्रम. या वर्षी इतके राग, इतके ताल, इतके अलंकार, हे आधी ठरलेलं. मुलाला आणि त्याच्या पालकाला दोघांनाही कळावं की वर्षाअखेर काय यायला हवं. मग परीक्षा, आणि पास झाला की प्रमाणपत्र. पूर्ण अभ्यासक्रम नऊ वर्षांचा होता, म्हणजे मिरजेला त्यांना स्वतःला जितकी वर्षं लागली साधारण तितकाच. पण एका मुलाऐवजी एका वेळी पूर्ण वर्ग. शिवाय वाटेत कुठेही थांबलं तरी हातात काहीतरी राहतं. दोन वर्षं शिकलेल्या मुलाला दोन वर्षांपुरतं गाता येतं. जुन्या रीतीत अर्ध्यावर सुटलेल्याच्या हाती फारसं काही लागत नसे. अकरा-बारा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने हा बदल फार मोठा आहे, कारण त्या वयात आपण पुढे गवई होणार की इंजिनिअर हे कुणालाच माहीत नसतं.

दुसरी गोष्ट, पुस्तकं. ‘संगीत बालप्रकाश’, ‘संगीत बालबोध’ ही नावंच सांगतात की ती कुणासाठी लिहिली. पुढच्या विद्यार्थ्यांसाठी ‘रागप्रवेश’ची माला, स्त्रियांसाठी ‘महिला संगीत’, शिवाय ‘संगीतामृत प्रवाह’ हे मासिक. पुस्तकं छापायला संस्थेचा स्वतःचा छापखाना काढला, कारण स्वरलिपीची चिन्हं दुसऱ्या छापखान्यात मिळणार कुठून? ज्याला स्वतः वाचता येत नव्हतं त्याने गाणं कागदावर उतरवण्यासाठी आयुष्य घालवलं. शिष्य लिहीत, वाचून दाखवत, पंडितजी ऐकून दुरुस्त करत.

त्यांची स्वरलिपी बारीक होती. मंद्र सप्तकाच्या स्वरावर टिंब, तार सप्तकाच्या स्वरावर उभी रेघ, कोमल स्वराला पाय मोडल्याची खूण. समेला 1 आणि खालीला अधिकचं चिन्ह. मात्रेचे अर्धे, पाव, अष्टमांश भाग दाखवायला स्वराखाली वेगळ्या खुणा. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी त्याच सुमारास आपली वेगळी पद्धत तयार केली. तिच्यात समेला फुली आणि खालीला शून्य, मंद्राला खाली टिंब आणि तारेला वर. ती लिहायला सोपी, म्हणून तीच जास्त पसरली. परीक्षेच्या आदल्या दिवशी टिंब वर द्यायचं की खाली, यावरून ज्यांची तारांबळ उडाली असेल त्यांना आता तरी कळावं, की तो गोंधळ दोन मोठ्या विष्णूंमधल्या मतभेदाचा आहे, आपल्या वहीचा नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. नुसते गाणारे तयार करून भागणार नाही, शिकवणारे तयार करायला हवेत, हे त्यांनी सुरुवातीलाच ओळखलं. त्यासाठी ‘उपदेशक’ वर्ग काढला. होतकरू मुलं संस्थेतच राहायची, जेवणखाण संस्थेचं, शिक्षण फुकट. त्या बदल्यात अभ्यासक्रम पुरा करायचा आणि पुढे हेच काम करायचं असा करार. शिस्त कडक होती. पहाटेपासून रात्रीपर्यंत वेळ बांधलेला. पंडितजी प्रेमळ होते असं कुणी फारसं म्हणत नाही, धाक वाटायचा असंच सगळे सांगतात. पण मुलाने काय खाल्लं, आजारी आहे का, पत्र घरी गेलं का, हे त्यांना माहीत असे. वसतिगृह चालवलेल्या आपल्या शिक्षकांना यातलं काम काय असतं ते मी सांगायला नको.

मुलींसाठीही वर्ग निघाले. पंडितजींच्या पत्नी रमाबाई त्यात होत्या. 1900 नंतरच्या त्या वर्षांत घरंदाज मुलीने पेटी पुढे घेऊन बसणं ही साधी गोष्ट नव्हती. ते शक्य व्हावं म्हणून पंडितजींनी गाण्याचे शब्द बदलले. शृंगाराची पदं बाजूला ठेवून त्याच चालींत, त्याच रागांत भक्तीची पदं बसवली. तुलसीदास, सूरदास, मीरा यांची भजनं वर्गात आली. आईवडिलांना हरकत घ्यायला जागा उरली नाही.

या बदलाची किंमतही होती आणि ती मोजल्याशिवाय पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. हे संगीत पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं ते मुख्यतः मुसलमान उस्तादांनी आणि गाणाऱ्या कलावंतिणींनी. ग्वाल्हेर गायकीचं मूळच हद्दू-हस्सू खाँच्या घरात आहे. गाणं जसजसं प्रार्थनेच्या आणि शाळेच्या खोलीत आलं, तसतशी ही माणसं सांगायच्या गोष्टीतून मागे पडली. गाणं ‘शुद्ध’ झालं असं म्हणताना ते आधी कुणाच्या हातात होतं आणि त्यांना आपण काय म्हणत होतो, हे आठवायला हवं. दुसरा आक्षेप उस्तादांकडूनच आला. वर्गात बसवून, पुस्तक हातात देऊन गवई तयार होत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. यात तथ्य आहे. चाळीस मुलांच्या वर्गात एकाच्याही गळ्यावर सावकाश काम करता येत नाही. पण पंडितजींना चाळीसच्या चाळीस गवई करायचेच नव्हते. त्यांतल्या एक-दोघांना पुढे उपदेशक वर्गात घ्यायचं आणि बाकीच्यांनी जन्मभर गाणं समजून ऐकावं, घरात त्याला मान असावा, एवढा त्यांचा हिशेब होता. आपल्या वर्गातले जे मित्र आज मैफलीत समेवर नेमकी मान हलवतात, त्यांना परीक्षेत किती मार्क होते ते मला चांगलं आठवतं.

1908 मध्ये लाहोरची शाळा शिष्यांच्या हाती सोपवून ते मुंबईला आले आणि विजयादशमीला गांधर्व महाविद्यालयाची मुंबई शाखा सुरू केली. इथे काम झपाट्याने वाढलं. वर्ग, वसतिगृह, छापखाना, वाद्यांची दुरुस्ती, शिष्यांच्या तुकड्या गावोगाव. सँडहर्स्ट रोडवर संस्थेची स्वतःची मोठी इमारत उभी राहिली. 1918 पासून पुढची काही वर्षं त्यांनी संगीत परिषदा भरवल्या, त्यांत हिंदू-मुसलमान सगळ्या घराण्यांचे कलावंत एका व्यासपीठावर येत.

इमारत कर्जावर बांधली होती. जलसे करून कर्ज फेडू, असा विश्वास होता, आणि तो अगदीच खोटा नव्हता. पंडितजी गायला बसले की पैसा जमे. पण त्यासाठी सतत फिरावं लागे, फिरलं की संस्थेकडे लक्ष राहत नसे, आणि आलेला पैसा मुलांच्या जेवणात, छापखान्यात, नव्या शाखेत जाई. संस्था चालवलेल्या कुणालाही हे चक्र ओळखीचं असेल. शिवाय याच काळात त्यांचं मन रामभक्तीकडे ओढलं गेलं. 1924 च्या सुमारास सावकारांनी इमारत लिलावात काढली. वीस-पंचवीस वर्षांच्या मेहनतीतून उभी राहिलेली वास्तू गेली. आयुष्यभर दरबारी नोकरी नाकारणाऱ्या माणसाला एखाद्या राजाने हात दिला असता तर ती वाचली असती, हा विचार मनात येतो. पण मग ती शाळा त्या राजाची झाली असती.

त्यांच्या सार्वजनिक आयुष्याबद्दल थोडक्यात. काँग्रेसच्या अधिवेशनांत ‘वंदे मातरम्’ ते गात. 1923 च्या काकीनाडा अधिवेशनात अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी धर्माच्या कारणावरून गाण्याला हरकत घेतली, तेव्हा पंडितजींनी गाणं थांबवलं नाही, पुरं केलं. या प्रसंगावर आजही दोन बाजूंनी आवेशाने लिहिलं जातं. मी त्यात पडत नाही. ‘रघुपति राघव’ची सर्वत्र म्हटली जाणारी चाल त्यांचीच मानली जाते. गांधीजींच्या साबरमती आश्रमात मुलांना आणि मोठ्यांना प्रार्थना शिकवायला संगीतशिक्षक हवा होता, तेव्हा पंडितजींनी आपले शिष्य नारायण मोरेश्वर खरे यांना पाठवलं. ‘आश्रम भजनावली’ खऱ्यांनी संपादित केली आणि 1930 च्या दांडीयात्रेत गांधीजींबरोबर निवडक पदयात्रींत तेही चालत होते. उपदेशक वर्गाचा याहून चांगला दाखला मला सापडत नाही.

शेवटची वर्षं नाशिकला गेली. पंचवटीत त्यांनी रामनाम आधार आश्रम काढला होता. तिथे मुलांना शिकवणं चालूच होतं, पण आता रामायणाचं गायन हाच मुख्य कार्यक्रम झाला होता. घरात दुःख फार होतं. बारा मुलांपैकी अकरा गेली, एकटा दत्तात्रेय राहिला. प्रकृती ढासळली तेव्हा ते मिरजेला आले आणि 21 ऑगस्ट 1931 रोजी तिथेच वारले. ज्या गावातून नऊ वर्षांची तालीम घेऊन निघाले होते, त्याच गावात. वय एकोणसाठ.

त्यानंतर काही महिन्यांतच, त्याच वर्षी, त्यांचे शिष्य अहमदाबादला जमले आणि त्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. गुरू गेल्यावर शिष्यांत फाटाफूट होणं ही संगीतातली नेहमीची गोष्ट. इथे ते एका अभ्यासक्रमाखाली एकत्र आले. आपण ज्या परीक्षांना बसलो त्या याच मंडळाच्या. इमारत गेली होती, पण अभ्यासक्रमावर कुणा सावकाराचा बोजा नव्हता.

शिष्यांची नावं बघितली की थक्क व्हायला होतं. ओंकारनाथ ठाकूर 1916 मध्ये, विशीच्या आतच, लाहोरच्या शाळेचे प्राचार्य झाले आणि पुढे काशी हिंदू विश्वविद्यालयातलं संगीताचं शिक्षण त्यांनी उभं केलं. विनायकराव पटवर्धन रंगभूमीवर बालगंधर्वांच्या कंपनीत गेले होते. गुरू गेल्यावर त्यांनी 1932 मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढलं आणि उरलेलं आयुष्य शिकवण्यात घातलं. बी. आर. देवधरांनी मुंबईत संगीताची शाळा चालवली. तिथे अकरा-बारा वर्षांचा एक कानडी मुलगा शिकायला येऊन राहिला. त्याचं नाव कुमार गंधर्व. म्हणजे आपल्या वर्गातल्या त्या समजुतीत अगदीच काही तथ्य नव्हतं असं नाही! विनायकरावांचे शिष्य विनयचंद्र मौद्गल्य यांनी 1939 मध्ये दिल्लीत गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. दूरदर्शनवर ‘एक, अनेक और एकता’ हे कार्टून ज्यांनी पाहिलंय, आणि आपल्या बॅचच्या आसपासच्या सगळ्यांनी ते पाहिलंय, त्यांना त्यातलं गाणं तोंडपाठ असेल. ते गाणं मौद्गल्यांचं. 1973 मध्ये टपालखात्याने पंडितजींचं तिकीट काढलं.

वडील गेले तेव्हा दत्तात्रेय दहा वर्षांचा होता. वडिलांची खरी तालीम त्याला फारशी मिळालीच नाही. त्याला आधी घरातल्या चिंतामणराव पलुसकरांनी आणि मग वडिलांच्या शिष्यांनी, विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांनी शिकवलं. चौदाव्या वर्षी त्याने जालंधरच्या हरिवल्लभ संगीत संमेलनात पहिली जाहीर मैफल केली. पुढे लोक त्याला डी. व्ही. पलुसकर म्हणून ओळखू लागले. 1952 च्या ‘बैजू बावरा’ चित्रपटात उस्ताद अमीर खाँबरोबर त्याची जुगलबंदी आहे, आणि त्याची भजनं सकाळी रेडिओवर लागत तेव्हा आपल्या आई-आजी हातातलं काम थांबवत. 1955 मध्ये, चौतीस वर्षांचा असताना तो गेला. वडिलांनी शिष्यांना दिलेलं गाणं शिष्यांनी त्याला दिलं होतं.